तेल तोडलं म्हणून किडनी वाचत नाही

किडनीचं निदान झालं की घरात पहिली कुऱ्हाड तेलावर पडते. मी सोलापूर भागातल्या एका डायलिसिस युनिटमध्ये आहारतज्ज्ञ आहे. पेशंट मला 'डायटवाल्या मॅडम' म्हणतात. क्रिएटिनिन वाढल्याचं कळलं त्याच संध्याकाळी फोडणी बंद केली, असं अभिमानाने सांगणारी घरं आमच्याकडे सर्रास येतात. मिठाचं नंतर बघू, लोणचं-पापड हळूहळू सोडू, पण तेल मात्र लगेच बंद. शेजारीण तेच सांगते, मेहुणा तेच सांगतो, मोबाइलवरही तेच फिरत असतं. हार्टच्या पेशंटचा पथ्याचा कागद कुणीतरी किडनीच्या पेशंटच्या हातात कोंबलाय, आणि तोही जुना, असं मला नेहमी वाटतं. या कामात जे पक्कं होत गेलं ते इथे क्रमाने मांडते. आकडे अंदाज यावा म्हणून दिलेत. पेशंटागणिक ते बदलतात, तेव्हा आपल्या नेफ्रॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय कुणी ते उचलू नयेत.

१. पथ्याआधी पोट भरतंय का ते बघा.

साठ किलोचा माणूस धरा. किडनी निम्म्याहून जास्त थकलीय, डायलिसिस अजून लागलेलं नाही. अशा माणसाला प्रथिनं कमी करायला सांगतात, किलोमागे साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ३६ ते ४८ ग्रॅम. पण उष्मांक कमी करून चालत नाही. किलोमागे ३० धरले तर १८०० कॅलरी लागतातच. ३६ ग्रॅम प्रथिनांतून येतात जेमतेम १४४. उरलेल्या साडेसोळाशे आणायच्या कुठून? भाकरी, भात आणि तेल-तूप. साखर मधुमेह्याला चालत नाही, आणि आमच्याकडचे निम्मेअधिक पेशंट मधुमेहाच्याच वाटेने आलेले असतात. भाकरी तरी किती खाणार? भूक आधीच मेलेली, तोंडाला चव नाही, मळमळ चालू. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, म्हणजे पिठातल्या किंवा डाळीतल्या ऐवजाच्या दुपटीहून जास्त. रोजचं चार चमचे तेल काढलं की दीडशेच्या वर कॅलरी गेल्या. त्या भरून निघाल्या नाहीत तर शरीर स्वतःचे स्नायू जाळायला घेतं. स्नायू जळले की त्यातून युरियाच तयार होतो. ज्या युरियाच्या धास्तीने डाळ अर्धी केली, तो मागच्या दाराने आत येतो.

हे वजनकाट्यावर दिसत नाही, इथेच घरचे फसतात. मांस जातं आणि त्या जागी पाणी साठतं. काटा तोच राहतो. मी बायकांच्या बांगड्या बघते. मनगटावर राहणाऱ्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या की मला रक्ताच्या रिपोर्टची वाट बघावी लागत नाही. पुरुषांचं घड्याळ बघते, पट्ट्याला नवीन भोक पाडलंय का ते बघते.

डायलिसिस सुरू झालं की गणित उलटतं. मशीन प्रथिनंही धुऊन नेतं, म्हणून किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. कॅलरींची गरज मात्र तशीच राहते, आणि डायलिसिसच्या दिवशी जेवायला वेळ नसतो, ताकदही नसते.

२. चरबी पूर्ण काढली तर काय होतं, हे उंदरांनी कधीच दाखवून दिलंय.

ही गोष्ट मी नव्या मुलींना शिकवताना सांगते, कारण तेल, व्हिटॅमिन ई आणि किडनी हे तिन्ही धागे तिच्यात एकत्र येतात. १९२२ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलेमध्ये हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना दिसलं, की ठरावीक शुद्ध आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या माद्या गाभण राहतात, पण पिलं पोटातच जातात. लेट्यूसची पानं किंवा गव्हाचा अंकुर दिला की सगळं सुरळीत. पुढे या घटकाला व्हिटॅमिन ई म्हणू लागले. याच इव्हान्सबरोबर जॉर्ज बर नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ काम करत होता. व्हिटॅमिन ईवर दोघांनी मिळून १९२७ मध्ये ग्रंथही लिहिला. मग बर मिनेसोटाला गेला आणि त्याने व त्याची बायको मिल्ड्रेड हिने उंदरांना चरबीचा कण नसलेला आहार द्यायला सुरुवात केली.

१९२९ मध्ये त्यांनी जे छापलं ते वाचण्यासारखं आहे. उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले धरले, कातडी सोलपटली, लघवीतून रक्त जाऊ लागलं, आणि मेल्यावर उघडून पाहिलं तर किडन्या खराब झालेल्या. जीवनसत्त्वं सगळी दिली होती, ई सुद्धा. कमी होती फक्त चरबी. पुढच्या प्रयोगांत लिनोलेइक आम्लाचे थोडे थेंब दिले आणि उंदीर सावरले. तोपर्यंत चरबी म्हणजे नुसतं इंधन अशी समजूत होती.

माणसाची गत इतकी होत नाही. ज्वारीत, डाळीत, दुधात थोडी चरबी असतेच. शंभर टक्के बिनचरबीचं जेवण घरात बनवूच शकत नाही कुणी. पण 'किडनीला तेल वाईट' असं ठामपणे सांगणारा भेटला की मला ते मिनेसोटातले उंदीर आठवतात.

३. व्हिटॅमिन ई बदामात शोधण्याआधी तेलाची बाटली बघा.

'मॅडम, ई साठी बदाम भिजवून देतेय' हे मी फार वेळा ऐकते. बदामात ई भरपूर आहे, १०० ग्रॅमला २५ मिलिग्रॅमच्या आसपास. पण त्याच १०० ग्रॅममध्ये ७०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम आणि ४८० च्या घरात फॉस्फरस आहे. सूर्यफुलाच्या बिया, जवस, शेंगदाणे, सगळ्यांचं तेच. हल्ली 'मिक्स सीड्स' नावाने जी बरणी विकतात ती धडधाकट माणसासाठी ठीक. पोटॅशियम साडेपाचच्या वर घेऊन बसलेल्या पेशंटसाठी ती बरणी मी घराबाहेर काढायला सांगते.

तेलाचं तसं नाही. बी दाबून तेल निघालं की पोटॅशियम आणि फॉस्फरस पेंडीत राहतात आणि व्हिटॅमिन ई तेलाबरोबर येतं, कारण ते चरबीतच विरघळतं. किडनीच्या पथ्यात इतकी सोयीची वस्तू मला दुसरी सापडलेली नाही. सूर्यफुलाच्या तेलात १०० ग्रॅमला साधारण ४१ मिलिग्रॅम ई आहे, करडईच्या तेलात ३४, राइस ब्रॅनमध्ये ३२, शेंगदाण्याच्या तेलात १५ च्या आसपास. खोबरेलात जवळपास नाहीच. चहाचा एक चमचा करडी तेल म्हणजे दीड मिलिग्रॅम ई. असे चार चमचे दिवसभरात गेले तर ६ मिलिग्रॅम झाले. तेवढंच बदामातून हवं तर वीसेक बदाम लागतात, आणि सोबत १७० मिलिग्रॅम पोटॅशियम येतं. हा आकडा एकटा पाहिला तर मोठा नाही. पण त्याच दिवशी शेंगा चटणी आहे, आमटी आहे, केळं आहे. दोन-अडीच ग्रॅमची मर्यादा दुपारीच संपते.

अमेरिकेत मोठ्या माणसाला दिवसाला १५ मिलिग्रॅम ई सांगतात, आपल्याकडची शिफारस त्याहून कमी आहे. नेहमीचं तेल आणि नेहमीची भाकरी-भाजी खाणाऱ्याला ई कमी पडल्याचं क्वचितच आढळतं. कमी पडतं ते तेल तोडून बसलेल्यांना आणि दोन घासांवर उठणाऱ्यांना.

जाता जाता करडईबद्दल. हे आमच्याकडचं रब्बीचं पीक. सोलापूर आणि मराठवाड्याच्या कोरडवाहू काळ्या रानात ज्वारीच्या कडेने करडी असायचीच. तिच्या तेलात सत्तर टक्क्यांहून जास्त लिनोलेइक आम्ल, म्हणजे ज्या थेंबांनी बर नवरा-बायकोचे उंदीर सावरले तेच. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याची करडी काढली, परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' दिलं. तरी रानं हरभऱ्याकडे गेली. काटे टोचतात म्हणून काढणीला माणूस मिळत नाही, असं शेतकरी सांगतात. आता करडीचं तेल शोधत हिंडावं लागतं आणि भाव ऐकून पिशवी परत घडी करावी लागते. मी हट्ट धरत नाही. महिनाआड शेंगदाणा आणि सूर्यफूल आलटूनपालटून वापरा म्हणते; एकाच तेलाला चिकटून राहण्यापेक्षा ते बरं, आणि परवडतंही.

४. कॅप्सूल हा चमचाभर तेलाचा मोठा भाऊ नव्हे.

औषधाच्या दुकानात चिठ्ठी न दाखवता मिळणारी ती हिरवी मऊ कॅप्सूल सगळ्यांना माहीत आहे. मुली ती फोडून तोंडाला लावतात, केसांना लावतात. किडनीचे पेशंट ती गिळतात, कारण कुणीतरी 'अँटिऑक्सिडंट आहे, किडनी धुऊन निघते' असं सांगितलेलं असतं. तिच्यावर ४०० लिहिलेलं असतं. दिवसाची गरज १५ मिलिग्रॅम. म्हणजे एका कॅप्सुलीत कित्येक दिवसांचं ई.

यामागचा तर्क खोटा नाही, म्हणून तो सहज गळी उतरतो. किडनी निकामी होताना शरीरात ऑक्सिडेशनचा ताण वाढतो, डायलिसिसमध्ये रक्त कृत्रिम पडद्याला लागून वाहतं तेव्हा आणखी वाढतो. जपानमध्ये तर व्हिटॅमिन ईचा लेप दिलेले डायलायझर बनवले गेले. आणि २००० साली इस्रायलमधल्या 'स्पेस' नावाच्या अभ्यासात हृदयविकार असलेल्या १९६ डायलिसिस पेशंटना रोज ८०० युनिट ई दिलं, तेव्हा हृदयाचे झटके आणि तशा घटना निम्म्यावर आल्या. हे वाचून कुणालाही हुरूप येईल.

पण त्याच वर्षी 'होप' या मोठ्या अभ्यासाचाही निकाल आला. साडेनऊ हजार माणसं, रोज ४०० युनिट, साडेचार वर्षं. हृदयाला काही फायदा नाही. त्यातल्या किडनी अधू असलेल्यांचा हिशोब वेगळा काढला, तिथेही नाही. २०११ मध्ये 'सिलेक्ट'मधून कळलं, की रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला. आणि २०२० च्या अमेरिकन किडनी-आहार मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय, की डायलिसिसच्या पेशंटना अ आणि ई जीवनसत्त्वं सरसकट देऊ नयेत, अपायाची शक्यता आहे. १९६ जणांच्या एका आशादायक निकालावर आयुष्यभर गोळी चालू ठेवणं मला पटत नाही.

त्यात एक धोका असा, की ई जास्त झालं की रक्त गोठायला वेळ लागतो. वॉरफॅरिन चालू असलेल्याने तर डॉक्टरांना न सांगता ही कॅप्सूल घेऊच नये. डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपरिन दिलेलं असतं, फिस्टुलाच्या सुया काढल्यावर दाबून बसावं लागतं. 'आज रक्त थांबायला वेळ का लागतोय' या प्रश्नाचं उत्तर कधी कधी पेशंटच्या उशाशी असलेल्या कॅप्सुलींच्या पट्टीत सापडतं.

डॉक्टरांनी स्वतः लिहून दिली असेल तर गोष्ट वेगळी. डायलिसिसमध्ये पायात गोळे येतात त्यावर ई देऊन पाहिलेले छोटे अभ्यास आहेत, फॅटी लिव्हरच्या काही पेशंटना यकृताचे डॉक्टर देतात. तिथे किती दिवस घ्यायची ते विचारून घ्यावं. चिठ्ठी जुनी होते, गोळी चालूच राहते.

अ जीवनसत्त्वाचं मात्र पक्कं लक्षात ठेवावं. ते किडनी थकली की रक्तात साठत जातं. कॉड लिव्हर ऑइल आणि साध्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या यात ते असतं. पाठीमागची बारीक अक्षरं वाचायला नातवाला बसवा.

५. कोलेस्टेरॉल वाढलंय, पण त्याला तूपच कारणीभूत आहे असं नाही.

लघवीला फेस, तोंडावर सूज, कोलेस्टेरॉल ४०० च्या घरात. नेफ्रोटिक सिंड्रोम. आई म्हणते, 'आम्ही तर तूप हातात धरत नाही हो.' तिचं खरं असतं. लघवीतून अल्ब्युमिन गळायला लागलं की यकृत ते भरून काढायच्या धांदलीत चरबीवाहक प्रथिनंही भरमसाट बनवतं, आणि कोलेस्टेरॉल चढतं. गळती थांबली की ते आपोआप उतरतं. पोराचा वरणभातावरचा अर्धा चमचा तूप काढून तिथे काही साधत नाही.

मोठ्या माणसांत किडनीच्या आजाराचा शेवट बहुतेकदा हृदयाकडून होतो, म्हणून स्टॅटिन देतात. २०११ च्या 'शार्प' अभ्यासात त्याचा फायदा दिसला. डायलिसिसवर आल्यानंतर पहिल्यांदा सुरू केलं तर फारसा फायदा होत नाही, हे त्याआधीच्या दोन अभ्यासांतून दिसलेलं. तो निर्णय डॉक्टरांचा, आणि जेवणातलं तेल काढणं हा गोळीला पर्याय नाही.

एक अपवाद सांगायलाच हवा. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं असेल तर चरबी खरोखर आवळावी लागते, नाहीतर स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते. पोटाचं डायलिसिस करणाऱ्यांच्या द्रावणात साखर असते, ती अंगात शोषली जाऊन कॅलरी देते. त्यांचा तेलाचा हिशोबही वेगळा लावावा लागतो.

६. पाणी फेकलेल्या भाजीला फोडणीच तारते.

हा माझा सगळ्यात आवडता धडा. तो मला एका यंत्रमाग कामगाराच्या बायकोने पक्का करून दिला.

पोटॅशियम पाण्यात विरघळतं. म्हणून भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं, हे आम्ही सगळ्यांना शिकवतो. त्या मावशींनी ते तंतोतंत केलं होतं. वर तेलही बंद केलं होतं, आणि मीठ अर्ध्यावर. त्यांनी डबा उघडून दाखवला: पांढराफटक दोडका, त्यावर जिऱ्याचा एक कण नाही, आणि कडेने वाळलेली भाकरी. नवरा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, 'मॅडम, हे गुरांनाबी घालवत नाही.' मावशी रडायच्या बेतात होत्या. पहाटे उठून एवढं करायचं आणि डबा तसाच परत न्यायचा.

मी म्हटलं, 'मावशी, उकळून पाणी फेकलंत ते उत्तम केलंत. आता कढईत दीड चमचा करडीचं तेल तापवा. मोहरी तडतडू द्या, हिंग, लसूण लाल होऊस्तोवर, कढीपत्ता, थोडी हळद. मग ती निथळलेली भाजी टाका आणि वरून लिंबू.'

'चालेल? तेल?'

'तेलामुळंच चालेल.'

पुढच्या खेपेला डबा रिकामा होता. मिठाची उणीव लसूण-लिंबू बऱ्यापैकी भरून काढतात, आणि त्यांचा वास भाजीभर पसरवायचं काम तेलच करतं. शिवाय व्हिटॅमिन ई पाण्यात विरघळत नाही, उकळलेल्या पाण्याबरोबर ते मोरीत जात नाही. आणि नंतर घातलेल्या तेलातून आणखी मिळतं. हळदीतला, पालेभाजीतला जो चरबीत विरघळणारा ऐवज, त्यालाही आतड्यात शोषलं जायला हे तेल लागतंच.

मिठाच्या जागी 'लो सोडियम' मीठ मात्र आणू नका. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. रक्तदाबाच्या साध्या पेशंटला ते ठीक, किडनीच्या पेशंटला ते घातक ठरू शकतं.

७. तेल ताजं हवं, ते गॅसपासून लांब हवं, आणि एकदाच तापलेलं हवं.

तेलातलं ई त्या तेलालाच खवट होण्यापासून राखत असतं. उजेड, हवा, उष्णता लागली की ते आधी खर्ची पडतं. गॅसशेजारी ठेवलेली उघड्या तोंडाची तेलाची किटली हा आपल्या स्वयंपाकघरातला जुना रिवाज, तो मोडावा. आठवड्यापुरतं तेल स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात, बाकीचा डबा अंधारात. सूर्यफूल आणि करडई ही पातळ, चटकन बिघडणारी तेलं. त्यांत तळण करू नये. तळायचंच तर शेंगदाण्याचं बरं, आणि उरलेलं गाळून दोन दिवसांत फोडणीत संपवावं. काळं पडलेलं, फेस येणारं तेल पुन्हा कढईत जाऊ नये.

बाहेरच्या भज्यांबद्दल मी फार प्रवचन देत नाही. वापरलेल्या तेलात बिघडलेले घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते फेकायचं, असा नियम जुलै २०१८ पासून आहे. गाडीवाल्याकडे ते मोजायचं यंत्र मी पाहिलेलं नाही. वनस्पती तूप आणि बेकरीतल्या खारीची बाजू थोडी सुधारलीय. जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली. तरी खारीत मीठ आहे, आणि ते मीठ सूज आणतं.

८. तूप, खोबरेल, जवस.

साजूक तुपाबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. दूध-दह्यात फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्ही असतात, तूप कढवताना ते बेरीत आणि ताकात मागे राहतात. त्या दृष्टीने भातावर चमचाभर तूप निर्धोक. पण त्यातली निम्म्याहून जास्त चरबी संपृक्त असते आणि ई नाममात्र, म्हणून रोजचा स्वयंपाक तुपात नको. खोबरेलाचं तेच, जास्तच. कोकणातून आलेल्या पेशंटना मी खोबरेल तोडा म्हणत नाही. नारळाचं पाणी तोडा म्हणते, पोटॅशियम तिथे आहे.

जवसाची चटणी दोन चिमूट, जेवणाच्या कडेला. आठवड्यातून एकदा मासे खाणारे असतील तर बांगडा चालतो, सुकट नको, तिच्यात मीठ फार.

९. दिवसाचं तेल सकाळीच वाटीत काढून ठेवा.

'तेल किती वापरता?' याला 'अगदी थोडं' हेच उत्तर येतं, लठ्ठ घरातही आणि वाळलेल्या घरातही. म्हणून मी विचारते, महिन्याला किती लिटर आणता आणि घरात किती माणसं? पाच लिटरचा कॅन, पाच माणसं, तीस दिवस: माणशी ३० ग्रॅमच्या जवळपास. तळण आणि पाहुणे वजा केले तर चांगलं प्रमाण. तीन माणसांत पाच लिटर जात असेल तर जास्त, आणि पाच जणांत दोन लिटर जात असेल तर त्या घरात कुणीतरी उपाशी आहे. बहुतेक वेळा तो पेशंटच असतो.

मग एक पद्धत देते. सकाळी पेशंटच्या वाट्याचे चार ते पाच चमचे तेल छोट्या वाटीत काढायचं. दिवसभर त्याची भाजी, आमटीची फोडणी, चपातीला लावायचं, सगळं त्या वाटीतून. रात्री वाटी रिकामी झाली पाहिजे. सुनांना हे पटकन जमतं. वाटीत तेल उरलं की त्या स्वतःच सांगतात, 'आज आबांनी काही खाल्लं नाही.' मला फोनवर भूक कळते ती अशी.

१०. सणाला तेल अडवत नाही, भज्जी अडवते.

आमच्याकडे वेळ अमावस्येला सगळं गाव रानात जेवायला जातं. तूर, वाटाणा, हरभरा, पावटा, शेंगा आणि असतील नसतील त्या हिरव्या भाज्या एकत्र शिजवून भज्जी करतात; सोबत ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातलं आंबील. डिसेंबर उजाडला की विचारणा सुरू होते, 'मॅडम, या वर्षी जाऊ का रानात?'

जा म्हणते. डायलिसिस आदल्या दिवशी झालेलं असेल असं बघा, तारीख पुढे-मागे करून घेता येते का ते टेक्निशियनना विचारा. भज्जी चवीपुरती दोन चमचे, तिच्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं. उंडा खा, वर गोडेतेल घाला किंवा तूप, त्याला कुणी हात धरणार नाही. खीर अर्धी वाटी, साखरेचा आजार असेल तर तीही नको. आंबील घोटभरच, आणि तो घोट त्या दिवसाच्या पाण्यात धरायचा.